टेपचं दुसरं टोक

दिग्रसच्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी कुणी रिकाम्या हातानं जात नसे. दळणाचा डबा, भाजीची पिशवी, काही नाही तर कालचं वर्तमानपत्र, काहीतरी हातात धरायचंच. कारण अण्णाजींना रिकामा हात दिसला की ते त्यात मोजायच्या टेपचं टोक देत.

"धरा बरं जी. एका मिनिटाचं काम हाये."

ते मिनिट पाऊण तासाचं असे.

काम म्हणजे जीपच्या पुढच्या चाकांची अलाइनमेंट. अण्णाजी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. आयुष्यभर सरळ रेघा मारल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होताना सरकारी लिलावातून एक जुनी उघडी जीप घेतली. जंगलातल्या कच्च्या वाटांनी हिंडायचा बेत होता. प्रत्यक्षात जीप भाजीबाजारापर्यंत जाऊन येई आणि महिन्यातून एखादे वेळी पुसदकडच्या घाटात धूळ खाऊन परते. तरी दर रविवारी तिची चाकं मोजली जात.

जॅक लावून पुढची चाकं उचलायची. चाक हातानं गरगर फिरवायचं आणि टायरच्या मधोमध खिळा टेकवून बारीक रेघ ओढायची. मग गाडी खाली उतरवून थोडी पुढंमागं ढकलायची. आता दोन्ही टायरांवरच्या रेघांमधलं अंतर आधी टायरांच्या मागच्या अंगाला मोजायचं, मग पुढच्या. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, कमी भरलं पाहिजे. नाही भरलं, तर दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा सैल करून पान्यानं किंचित फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. टेप धरायला दोन माणसं लागतात. गल्ली तिथं सापडे.

मी शाळामास्तर, समोर भाड्यानं राहणारा, त्यामुळं बहुतेक वेळा मीच. एकदा मी त्यांना म्हटलं की आठवडाभर गाडी जागेवरच उभी होती, मग मोजायचं काय? अण्णाजींनी माझ्याकडं नापास पोराकडं पाहावं तसं पाहिलं. "मास्तर, माणूस बसल्या बसल्या वाकडा होते. मंग गाडी काहून नाही होणार?"

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची सोय नव्हती. "एक सूत म्हंजे एक सूत," एवढं बोलून ते माणसाला पुन्हा वाकायला लावत. माझे सासरे, तेव्हा अजून व्हायचे होते, मला बघायला प्रथमच गल्लीत आले आणि त्यांनी अण्णाजींनाच माझं घर विचारलं. हात रिकामे होते. तासाभरानं मी त्यांना शोधत बाहेर आलो, तर पांढऱ्याशुभ्र धोतराला ग्रीस लावून ते जीपच्या पुढ्यात उकिडवे बसले होते आणि दोन सुतांचा फरक आहे की अडीच, यावर वाद घालत होते. त्यांनी संबंध पक्का केला. मुलाबद्दल काही बोलले नाहीत, शेजार बरा आहे म्हणाले.

अण्णाजींचं घर म्हणजे एकाच अंगणाकडं उघडणाऱ्या दोन खोल्या इकडं आणि दोन तिकडं. तिकडच्या खोल्यांत त्यांचा धाकटा भाऊ नाना आणि शैलाकाकू राहत. मी राहायला आलो तेव्हा दोघा भावांचं बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. सहा फुटांवर उभे राहून ते माझ्यामार्फत बोलत. "मास्तर, त्याले सांगा, नळ आला." नाना ऐकत, बादली उचलत आणि मला म्हणत, "त्याइले सांगा, समजलं." भाजीची वाटी मात्र काकू रोज मुकाट्यानं अण्णाजींच्या खिडकीत ठेवून जात आणि ती रोज घासून परत येई.

भांडण कशावरून, ते काकूंनीच मला सांगितलं. पूर्वी टेपचं दुसरं टोक नानांकडं असे, पुष्कळ वर्षं. एकदा अण्णाजी तापानं पडले होते. आपल्या भावाला बरं वाटेल म्हणून नानांनी जीप यवतमाळला नेली, मशीनवर चाकं तपासून घेतली आणि छापील कागद आणून उशाशी ठेवला. अण्णाजी तापातच उठले. टेपचं एक टोक विटेखाली दाबलं आणि एकट्यानं मोजून पाहिलं. मशीनचा आकडा आणि त्यांचा आकडा एकच आला. मशीननं काहीच बदललं नव्हतं, बदलायला काही नव्हतंच. कुणी दुसरा असता तर खूश झाला असता. अण्णाजींनी विचारलं, "मंग मशीन असताना आपण इतके रविवार का करत होतो?"

नाना हसून म्हणाले, "टाइमपास, दादा."

बस, एवढंच. नानांना तो शब्द परत घ्यायचा होता, पण आधी संकोच वाटला, मग राग आला, आणि मग सवयच झाली.

असं सहा वर्षं चाललं. मागच्या हिवाळ्यात नानांचे गुडघे अगदीच गेले. नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलानं नाना-काकू दोघांनाही तिकडं न्यायचं ठरवलं. तो गाडी भाड्यानं करून पाठवणार होता. अण्णाजींनी मला अंगणात बोलावलं आणि नाना ऐकतील एवढ्या आवाजात सांगितलं की भाड्याच्या गाडीवाले चाकं पाहात नाहीत, जीपनं आपण सोडून देऊ. नाना ओट्यावर औषधाच्या गोळ्या डब्यात भरत होते. वर न पाहता मला म्हणाले, "त्याइले सांगा, चालते."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच जीप जॅकवर चढली. रेघा ओढून झाल्या, गाडी खाली आली आणि अण्णाजींनी मला हाक मारली. मी दारातूनच सांगितलं की कंबर धरली आहे, वाकता येत नाही. कंबर ठणठणीत होती. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. अण्णाजी टेप हातात घेऊन तसेच उभे राहिले. विटेकडं त्यांनी एकदा पाहिलं, पण गेले नाहीत.

नानांनी काकूंना पाट मागितला. भिंतीला धरत धरत ते अंगणात उतरले, डाव्या चाकाशी पाट टाकून बसले आणि हात पुढं केला. अण्णाजींनी त्यात टेपचं टोक दिलं.

"अठ्ठेचाळीस. तीन सूत," अण्णाजींनी मागचं माप वाचलं. मग दोघं पुढं सरकले. नानांचा पाट काकूंनी सरकवला.

"अठ्ठेचाळीस, तीन सूत."

मागचं-पुढचं सारखंच. अण्णाजी गाडीखाली गेले, दांडा फिरवला, बाहेर आले. गाडी मी ढकलली. माझी कंबर कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. चार वेळा मोजलं. चौथ्या वेळी पुढचं माप मागच्यापेक्षा बरोबर एक सूत कमी आलं. तरी नानांनी टोक सोडलं नाही.

"दादा," ते म्हणाले, "त्या दिवशी म्या तो शब्द..."

अण्णाजी टेपवर वाकलेलेच होते.

"टेप हालवू नोको," ते म्हणाले. मग बराच वेळ ते आकडा वाचत राहिले, जो वाचून झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिघं नागपूरला गेले. नाना पुढं अण्णाजींशेजारी, काकू मागं बोचक्यांमध्ये. तिसऱ्या दिवशी अण्णाजी एकटेच परतले आणि तिकडच्या खोल्यांना कुलूप लागलं.

पुढच्या रविवारी मी आपणहून रिकाम्या हातांनी अंगणात गेलो. अण्णाजी पेपर वाचत होते. आज काही नाही म्हणाले, चहा दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, थकले असतील.

यंदा पावसाळ्यानंतर आर्णीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात जीप जोरानं आदळली. मी शेजारी बसलो होतो, आम्ही एका लग्नाला निघालो होतो. तिथून पुढं गाडी डावीकडं ओढायला लागली. अण्णाजी उजवीकडं जोर लावून स्टिअरिंग धरत होते. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

मी म्हटलं, "अण्णाजी, गाडी ओढते आहे. उद्या मोजू. मी टेप धरतो."

एक बैलगाडी मागं पडली.

"ओढून राह्यली, माहीत हाये मले," ते म्हणाले. "पण ते नानाच्या हातचं माप हाये, मास्तर. दांडा फिरवला का गेलं."

आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडं धरून त्यांनी आम्हाला लग्नाच्या मांडवापर्यंत नेलं.