नूतन गोकुळात म्हशींना मज्जाव

परभणी जिल्ह्याने कोणत्या राज्यात नांदावे, हा प्रश्न मोठ्या लोकांनी एकदाचा सोडवला. निजाम गेला, हैदराबाद राज्य आले, तेही मोडले आणि जिल्हा मुंबई राज्यात दाखल झाला. एवढ्या काळात बन्सीधराने परभणीतल्या कोणत्या गल्लीत बिऱ्हाड थाटावे, हा प्रश्न मात्र विचाराधीनच राहिला.

बन्सीधर बोरीच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि परभणीच्या एका कचेरीत कारकून. उर्दू अमदानीत तो दरखास्ती लिहायचा, मराठी अमदानीत अर्ज लिहू लागला. मजकूर तोच राहिला. आठवडाभर खाणावळीच्या वरणात डाळ शोधायची, शनिवारी संध्याकाळच्या मोटारीने बोरी गाठायची आणि सोमवारी सकाळी परतायचे, असा त्याचा संसार चालला होता. बायको कोकिळा बोरीला सासू-सासऱ्यांजवळ राही. तिच्यावाचून त्याला मुळीच करमत नसे. पण हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. असल्या विषयाला कचेरीत फाईल नव्हती.

घर घ्यावे तर गवळी मोहल्ल्यात, असे त्याच्या मनाने घेतले होते. मोहल्ला कचेरीच्या मागेच. लिंबाची दाट सावली, गोड्या पाण्याचा आड आणि डोळ्यांदेखत काढलेले दूध. एकदा कोकिळा दवाखान्यात दाखवायला परभणीस आली, तेव्हा घराची चौकशी होईपर्यंत त्याने तिला पारूबाई गवळणीच्या ओट्यावर बसवले. तो परत आला तोवर पारूबाईने तिला खरवस खाऊ घातला होता, माहेरची खुशाली विचारली होती, केसांतला गुंता सोडवून वेणी घातली होती आणि तिच्या वतीने तिच्या गैरहजर सासूला चार शब्द सुनावूनही झाले होते.

“घर घ्यायचं तर पारूमावशीच्या शेजारी घ्या,” परतीच्या मोटारीत कोकिळा म्हणाली. “दुसरीकडं मी यायची न्हाई. भिंतीपल्याड हाक मारायला कुनी नसल्यावर मी काय भिंतीसंगं बोलू?”

वास्तविक पारूबाईच्या शेजारचे घर तेव्हा रिकामेच होते. पण चौकशीविना निर्णय घेणे बन्सीधराच्या रक्तात नव्हते. आडाचे पाणी उन्हाळ्यात टिकते काय, हे पाहण्यासाठी तो उन्हाळा थांबला. गल्लीत पाणी तुंबते काय, हे पाहण्यासाठी पावसाळा थांबला. दोन्ही अहवाल उत्तम आले, आणि ते त्याने कचेरीत भेटेल त्याला मोठ्या हौसेने ऐकवले. ऐकणाऱ्यांना चौकशीची सवय नव्हती. पेशकार तिथे राहायला गेले, हेडमास्तर गेले, वकील गेले, आणि येलदरीच्या धरणाला खडी पुरवून बरे दिवस आलेले किशनराव तर दोन घरे पाडून तिथे बंगला बांधते झाले. सगळे ताज्या दुधासाठी आले. महिन्याभरात सगळ्यांच्या ध्यानात आले की दूध म्हशीचे असते, आणि म्हशीला शेण, शेपूट व आवाज असतो.

झाले. मोहल्ला सुधारणा समिती स्थापन झाली. किशनराव अध्यक्ष झाले आणि त्यांनी बन्सीधराला बंगल्यावर बोलावून घेतले.

“चिटणीस तुम्हीच व्हायचं, बन्सीधरराव. तुमच्या मराठीला सरकारी वजन आहे.”

“पण मी तिथे राहत नाही.”

“म्हणून तर तुम्ही निःपक्षपाती. आणि पारूबाईच्या शेजारी पहिलं जे घर रिकामं होईल ते तुमचं, हा माझा शब्द.”

हे ऐकून बन्सीधर विरघळला. कोकिळा भिंतीपल्याड हाक मारते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्याने दौत पुढे ओढली.

पहिला ठराव नावाचा झाला. ‘गवळी’ हा शब्द सभ्य वस्तीस शोभत नाही, सबब वसाहतीस ‘नूतन गोकुळ’ असे संबोधण्यात यावे. दुसरा ठराव झाला की घरांच्या दर्शनी भिंतींवर गोवऱ्या थापू नयेत. तिसरा, म्हशींना हाका मारणे अपरिहार्य असल्यास त्या मंद स्वरात माराव्यात. चौथा, खाणावळीत जेवणाऱ्या एकट्या पुरुषांमुळे वसाहतीची शोभा जाते, सबब सहकुटुंब असल्याखेरीज कोणास घर देऊ नये. हा चौथा मसुदा बन्सीधराने विशेष ठसक्यात केला, कारण त्याचे कुटुंब आता येणारच होते.

पारूबाईला वाचता येत नसे. त्यामुळे प्रत्येक ठराव बन्सीधर तिच्या ओट्यावर बसून, तिचाच चहा पीत, तिला वाचून दाखवी.

“भिंतीला गोवऱ्या लावू नको म्हन्ता,” पारूबाई म्हणाली, “मंग काय किशनरावाचा फोटू लावू?”

“मावशी, मी नुसतं लिहितो. ठरवते समिती.”

“बरं. आन् म्हशीला हळू हाक मारायची, तर म्हशीनं ऐकायचं कसं? तिलाबी वाचून दाखवा की तुमचा कागद.” मग कप विसळता विसळता तिने विचारले, “कोकिळा कधी यायलीय?”

“शेजारचं घर रिकामं झालं की लगेच.”

“लवकर आना, भाऊ. लय गुणाची पोर हाय. एकटी पडली तिकडं.”

हे बोलणे बन्सीधराच्या काळजात घुसले. त्याने दुप्पट उत्साहाने पुढचे ठराव लिहिले. म्हशींनी सभ्य लोकांच्या फिरायला जाण्याच्या वेळी रस्त्यावर येऊ नये. आल्यास डाव्या बाजूने चालावे. रवंथ शक्यतो घरात करावा.

एवढ्यात गोकुळअष्टमी आली. वसाहतीचे नावच गोकुळ, तेव्हा चौकात देखावा झाला पाहिजे, असे ठरले. बासरीवाला कृष्ण उभा राहिला, मातीची पांढरी गाय घडवून रंगवली गेली आणि तिच्यापुढे खराखुरा कडबा मांडण्यात आला. अष्टमीच्या सकाळी पारूबाईची एक म्हैस ठराव मोडून चौकात आली. तिने कडबा खाल्ला आणि मग गायीचे तोंड प्रेमाने चाटून तिचे दोन्ही डोळे पुसून टाकले. वसाहत हादरली. तातडीची सभा भरली. वकिलांनी निदर्शनास आणले की श्रीकृष्णाच्या गोकुळात गायी होत्या, म्हशींचा उल्लेख आढळत नाही. सबब नूतन गोकुळातून म्हशींना कायमचा मज्जाव करण्यात आला. सभेनंतर सर्वांनी डब्यातल्या भुकटीच्या दुधाचा प्रसाद घेतला.

तो कागद बन्सीधराने चहाला हात न लावता पारूबाईला वाचून दाखवला.

“म्हशी जानार तर मी हितं ऱ्हाऊन काय किशनरावाची धार काढू?” ती म्हणाली. “तुमच्या बोरीला चारा कसा हाय, भाऊ?”

“लय चांगला. नदी हाय, आमच्या घराशेजारी खळ्याची मोकळी जागा हाय. या की कधी!”

उठता उठता माणूस म्हणतो तसे तो म्हणाला, आणि विसरून गेला.

पारूबाई म्हशी घेऊन निघून गेली. समितीने शब्द पाळला. पारूबाईच्या शेजारचे नव्हे, तर खुद्द पारूबाईचेच घर बन्सीधराला देण्यात आले. त्याने चुना दिला, ओटा धुऊन घेतला, चूल नवी मांडली. शेजार कुठून आणायचा, एवढा एक मुद्दा त्याच्या टिपणातून सुटला होता. शनिवारी तो मोटारीत बसला, तेव्हा त्याला नव्या नवऱ्यासारखे हुरळल्यासारखे झाले होते.

बोरीला घराजवळ येताच म्हैस ओरडली. आवाज ओळखीचा होता. खळ्याच्या जागेत पारूबाईचे छप्पर उभे होते, त्याच्या भिंतीवर ओल्या गोवऱ्या थापलेल्या होत्या आणि कोकिळा ओट्यावर बसून पारूबाईकडून वेणी घालून घेत होती.

“कपडे बांध,” बन्सीधर म्हणाला. “घर झालं.”

“कुठं?”

“मावशीच्या घरात.”

“मावशी तर हितं हाय.” कोकिळा हसली. “मी काय म्हनले होते? पारूमावशीच्या शेजारी घर पाहिजे. झालं की आता. मी कशाला येऊ तिकडं?”

“आणि मी?”

“तुमी या की शनवारी. नेहमीसारखं.”

पारूबाईने त्याच्या हातात खरवसाची वाटी ठेवली. खरवस फार सुरेख झाला होता आणि बन्सीधराला रडू येत होते.

सोमवारी किशनरावांनी त्याला चौथा ठराव दाखवला. सहकुटुंब नसल्यास घर नाही. “माझा नाइलाज आहे,” ते म्हणाले, “अक्षर तुमचंच आहे.” बन्सीधर पुन्हा खाणावळीत डाळ शोधू लागला. पुढे एका शनिवारी मोटारीच्या अड्ड्यावर किशनराव भेटले. भुकटीच्या दुधाने त्यांचा चेहरा उतरला होता.

“तुमची बोरी कशी आहे हो? हवा, दूध, शेजारपाजार? म्हटलं, एखादी जागा पाहावी.”

बन्सीधराने आयुष्यात प्रथमच चौकशी न करता उत्तर दिले.

“फार वाईट. पाणी खारं, माणसं भांडखोर. आणि साप तर घरोघर.”

आता इथवर वाचून आपणही मनात म्हटले असेल की गाव बरे दिसते, एकदा पाहून यावे. म्हणून सांगणे भाग आहे. त्या गावाचे नाव बोरी नाही. बन्सीधराने फार गयावया केल्यामुळे ते इथे बदललेले आहे. आपण वाचक सभ्य आहात, याबद्दल त्याला यत्किंचित शंका नाही. त्याला सभ्यांचीच तर धास्ती आहे.