डब्यावर शेठची पाटी

चेतनाची मुलाखत अकराला होती आणि सकाळी मैत्रिणीबरोबर केलेल्या रंगीत तालमीत तिचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून अडकला, तो हललाच नाही. पुण्याच्या कंपनीची नोकरी, तीही घरी बसून करायची. पोरगी तिच्यासाठी जिवाचं रान करत होती. तिचे वडील हिंमतराव पाटील यांना मात्र नेट कोण चोरतंय हे शोधावं लागलं नाही. भिंतीला भिंत लागून मदनलाल शेठचं कापडाचं दुकान होतं. हल्ली शेठची सून जिनल गच्चीत फोन बघून हसायची आणि शेठ दिसेल तिथे गोडीत चेतनाची चौकशी करायचा. बांधाची भांडणं लढून हिंमतरावांना एवढं पक्कं कळलं होतं, की शेजारी गोड बोलायला लागला की टेप घेऊन शेत मोजावं.

त्यांनी आधी घरातला नेटचा डबा तपासला. हिरवे दिवे होते आणि एक लाल लुकलुकत होता. विहिरीवरच्या स्टार्टरचे सगळे दिवे लागले, की तिन्ही फेज आल्या, खुशाल मोटार चालू करावी. इथेही सगळे लागलेले होते. म्हणजे पुरवठा चोख, गळती पुढे.

मग एका व्हिडिओत बघितला होता तसा डब्याचा आकड्यांचा पत्ता फोनवर टाकला. शहाद्याहून डबे बसवायला आलेल्या माणसाने गावभर एकच चावी ठेवली होती. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. सेटिंगचं पान उघडलं आणि हिंमतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. नेटवर्कच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, महावीर वस्त्र भांडार.

"देख," ते बायकोला, धनुबाईला म्हणाले, "शेठनी आपला डबावर सोतानी पाटी लाई टाकी."

चेतनाला विचारा, असं धनुबाईने सुचवलं. पण पोरीला आता त्रास नको, म्हणून त्यांनी स्वतःच ते नाव खोडून आपलं घातलं, पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड तिच्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला. मुलाखत सुरू झाली ती लोण्यासारखी. हिंमतराव दारात पहारा देत बसले.

थोड्या वेळाने शेठ आला.

"आबा, तुमनं नेट चाली ऱ्हायनं ना? आमनं बंद पडी गयं."

"आमनं झकास शे," हिंमतराव म्हणाले. "आत्तेच कुलूप लायं."

शेठला काही उमगलं नाही. त्याने आवाज खाली आणून मुलाखत सुरू झाली का, ते विचारलं. बघा, ह्याला वेळसुद्धा ठाऊक, हिंमतरावांनी मनात नोंद केली. आपला डबा बंद करून चालू करून बघतो, असं शेठ म्हणाला, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.

शेठ गेला आणि आत चेतनाचा आवाज वाक्याच्या मधेच थांबला. ती बाहेर येऊन थेट डब्यापाशी गेली.

"आबा, हाऊ लाल दिवा कधपाइन शे?"

"तो ते फेजना शे."

तो फेजचा नव्हता. लाल दिवा लागला म्हणजे वायर तुटली, घरातलं नेट बंद. शेठच्या मुलाच्या, महावीरच्या लग्नात सगळ्यांनी दुकानाचा पासवर्ड घेतला होता. आपलं बंद पडल्यावर घरातला फोन आणि लॅपटॉप गुपचूप शेठच्या नेटवर जाऊन बसले होते; दोन घरांचा भार एकावर पडला, म्हणून सकाळी चेतनाचा चेहरा अडकला होता. आपण कुणाच्या डब्याला कुलूप लावलं, हे हिंमतरावांना कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नेट परत आलं, चेतना आत धावली आणि भिंतीपलीकडून शेठ ओरडला, की अजून जमलं नाही, पुन्हा बंद करतो.

हिंमतराव अनवाणी धावले. दुकानात शिरून त्यांनी डब्याच्या बटणावर तळहात आडवा धरला.

"शेठ, हात नका लावू. नेट चालू शे. पासवर्ड मन्हाजोडे शे." आणि त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

साड्यांच्या ढिगामागून जिनलला हसू आवरेना. शेठ मात्र हसला नाही.

"मिरच्या वाळाडतांना तुमनी वायर तुटनी, ते जिनलनी तव्हयच देखं," तो म्हणाला. "तुम्हले सांगतू ते तुम्ही आमनं नेट वापरतात का? म्हणीसन गप्प ऱ्हायनू. आज बंद पडनं, ते चेतनानं बी अडकनं व्हई, म्हणीसन डबा चालू करी ऱ्हायंतू."

हिंमतरावांनी बटणावरचा हात काढला. पासवर्ड सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शेठने आपला फोन गल्ल्याशेजारी पालथा ठेवला.

"आत्ते नको. पोरनं व्हई जाऊ द्या."