उष्टे माउथपीस

महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायचा दिवस परवावर आला होता आणि रामजींच्या ट्रम्पेटमधून वरचा सूर निघत नव्हता. लालबागच्या त्यांच्या चाळीची मिरवणूक त्याच ट्रम्पेटच्या मागून निघायची होती. सूर मध्येच फाटायचा. मग रामजी ओठाला लावायचा तो पितळी माउथपीस उपसून काढत, त्यात एक डोळा घालून बघत आणि म्हणत, "हाच झिजलाय."

"का छातीतला भाताच झिजला?" ढोल वाजवणारा लवू दारातून म्हणाला. "जमत नसेल तर सांग बाबा. परळच्या बँडवाल्याला विचारून ठेवतो."

एवढं ऐकल्यावर रामजी घरात थांबतात कुठले! शाळेत शिकवणाऱ्या मुलीला, मालनला, सोबत घेऊन त्यांनी गिरगावातलं वाद्यांचं दुकान गाठलं. दुकानदाराने जुन्या मालातले तीन माउथपीस समोर ठेवले. पहिला रामजींना गोड वाटला. दुसरा वाजवल्यावर पहिला घोगरा होता असं वाटू लागलं. तिसऱ्यानंतर पहिला कोणता हेच आठवेना.

"बापू, ठरवा ना," मालन म्हणाली.

"ठरवतोय गो! तू बोललीस की सूर विसरतो."

शेवटी दुकानदारच कंटाळला. तिघांना लाल, हिरवा, पिवळा दोरा बांधून म्हणाला, "घरी निवांत वाजवा. एक ठेवा, बाकीचे उद्या आणून द्या. पण कान सोडा माझे."

घरी बायकोने, रखमाने, ते हातात घेतले. "आधी कोणी वाजवलेत हे?"

"कोणी म्हणजे? बँडवाल्यांनी."

"म्हणजे शंभर मेल्यांची उष्टी माझ्या देवघरासमोर आणलीत?"

रामजी आंघोळ करून आले तेव्हा ताटात चार माउथपीस लखलखत होते. चिंच आणि राख लावून रखमाने नवे आणलेले तर घासले होतेच, जुनाही सोडला नव्हता.

"आये, दोरे?" मालनने विचारलं.

"ते कळकट? चुलीत."

"आणि बापूंचा जुना कुठला यातला?"

"मला काय ठाऊक? सगळे एकसारखे तर आहेत. मग आणले कशाला एवढे?"

मालनने चारही उलटेसुलटे करून पाहिले. बापूंनी त्यांचा वासही घेतला. सगळ्यांना चिंचेचा येत होता. मग त्यांनी एकेक लावून वाजवायला सुरुवात केली आणि तिसऱ्याला त्यांचा चेहरा फुलला. "हाच! नवा तो नवाच. बघ कसा खुलतोय!"

चुलीपाशी पाठ करून बसलेली रखमा म्हणाली, "जुनाच आहे तो तुमचा."

"दिसतंय काय तुला तिथून?"

"ऐकू येतंय. सूर धरायच्या आधी फुस्स करता तुम्ही त्यात. बाकीच्यांत परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाजवता."

मालनने त्या माउथपीसच्या आत काजळाचा ठिपका लावला, चारही ताटात ढवळले आणि बापूंना पुन्हा वाजवायला लावलं. रखमाने मान न वळवता ठिपक्याचाच ओळखला. पुन्हा ढवळले, पुन्हा तोच. दुसऱ्या दिवशी उरलेले तीन दुकानदाराने उलटसुलट करून पाहिले आणि आपलेच म्हणून ठेवून घेतले.

घरी येऊन रामजी खाटेवर बसले. "म्हणजे माउथपीस चांगला आहे," ते म्हणाले.

रखमाने ताट मांडायला घेतलं.

"लवूला सांगू काय, परळवाल्याला बोलव म्हणून?" त्यांनीच विचारलं.

"आधी जेवा," रखमा म्हणाली.

मिरवणूक निघाली. रामजी पुढे, लवू मागे, चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी वाकलेल्या. बरोब्बर घराखाली वरचा सूर आला आणि टराटरा फाटला. लवूची टिपरी हवेतच थांबली. रामजींनी ट्रम्पेट खाली घेतलं.

तेवढ्यात वरून रखमाचा आवाज आला, अख्ख्या चाळीला जाईल असा. "माझंच चुकलं गो बायांनो! राखेने घासून घासून वाट लावली मी त्या माउथपीसची!"

"काय वैनी!" लवू खालून ओरडला. "वाद्य काय कढई आहे? जरा तरी अक्कल लावायची!"

गॅलरीत शेजारी उभ्या मालनने आईकडे पाहिलं. भांडी घासण्यावरून आयेने आजवर सासूचंही ऐकून घेतलं नव्हतं. आज ती तोंडाला पदर लावून, मान खाली घालून लवूचं सगळं ऐकून घेत होती.

"सकाळपासून तेच सांगतोय मी!" रामजी खालून गरजले, आणि छाती भरून त्यांनी पुन्हा तोच सूर धरला.