गोदूबाईंच्या दाराचा लाल दिवा

"दहिसरपासून ठाण्यापर्यंत माझ्या गाडीसारखी एक गाडी दाखवा, मिशी उतरवतो," असं धर्माजी काशीमिऱ्याच्या हॉटेलात चारचौघांसमोर म्हणाला. गाडी शोधायला कुणी उठलं नाही. चहा गरम होता आणि धर्माजीच्या मिशीत तसंही उतरवण्यासारखं फारसं नव्हतं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. धर्माजी वरसाव्याचा, बापजाद्यांपासून मिठागरवाला. चार वर्षांपूर्वी त्यानं मुंबईच्या एका शेटकडून जुनी अँबॅसेडर घेतली. लोक म्हणाले, म्हातारपणी शौक सुचला. पण खरं सांगायचं तर ती गाडी त्यानं बायकोसाठी घेतली होती. गोदूबाईंनी तीस वर्षं अनवाणी मिठागर तुडवलं होतं. मिठानं पायाला पडलेल्या भेगा मे महिन्यात रक्त काढायच्या आणि बाई त्यावर तेल चोळून पुन्हा कामाला जायच्या. एकदा त्यांना उंबऱ्यावर तेल चोळत बसलेलं बघून धर्माजीनं मनाशी ठरवलं, की हिचे पाय आता जमिनीला लागू द्यायचे नाहीत. हे त्यानं बायकोला सांगितलं मात्र नाही. आपल्याकडे असल्या गोष्टी बायकोला सांगायची पद्धत नाही, गाडी विकणाऱ्याला सांगतात.

गाडी दारात आली त्या दिवशी त्यानं मोठ्या ऐटीत मागचं दार उघडलं. "मालकीण मागं बसते," तो म्हणाला. त्यानं मिठाच्या व्यापाऱ्याच्या शेटाणीला तसं बसलेलं पाहिलं होतं. गोदूबाई मागं बसल्या, तेही बरोबर त्याच्या पाठीमागं, उजव्या अंगाला. तिथून नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारून "हळू चालवा" म्हणता येई.

तीन वर्षं टिचकीनं गाडी नीट चालली. मग एके दिवशी भाईंदरच्या रस्त्यावर गोदूबाईंनी उतरायला दार उघडलं आणि मागून सायकलवर येणारा लवू दूधवाला दोन्ही कॅन घेऊन दारावर आदळला. लवूचं मनगट मोडलं. दूध गटारातून पार स्टेशनाकडे गेलं. गोदूबाईंच्या जिवाला ते लागलं. दीड महिना त्यांनी लवूच्या घरी भाकऱ्या पोचवल्या आणि नवऱ्याला बजावलं, "माझ्या हातून पुन्हा कुणाचं हाड मोडायचं न्हाय. त्या गाडीत मी न्हाय बसणार."

आणि खरंच बसल्या नाहीत. बाजाराला पायी, देवळात पायी. धर्माजी एकटाच गाडी हाकायचा आणि आपण कुणाचे तरी पगारी ड्रायव्हर आहोत असं त्याला वाटायचं.

अशात पेणकरपाड्याहून निरोप आला. लेकीला, सुलूला, मुलगा झाला. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच झालं होतं. बाराव्या दिवशी संध्याकाळी बारसं. बाळ पाळण्यात घालायच्या आत आजीचा बाळंतविडा पोचायला हवा. गोदूबाई म्हणाल्या, "मी दुपारीच चालायला लागते." धर्माजी म्हणाला, "तू गाडीतनं येणार. कशी येत नाहीस तेच बघतो." आणि तो नाथाकडे गेला.

नाथा म्हणजे काशीमिऱ्याच्या गॅरेजातला वायरमन. धर्माजीनं त्याला समजावलं, की दार उघडलं रे उघडलं की दाराच्या कडेला लाल दिवा लागला पाहिजे. मागच्याला लांबून कळलं पाहिजे, इथं दार उघडं आहे.

"सोपं हाय, शेट," नाथा म्हणाला. "चौकटीत खटका बसवतो. दार उघडलं की दिवा लागेल, मिटलं की विझेल. छोटासा बसवू, बोराएवढा."

"बोराएवढा कुणाला दिसणार? मोठा लाव."

"शेट, छोटाच बरा दिसतो."

"बरा दिसायला नकोय मला, नुसता दिसायला हवाय."

नाथानं एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या मागच्या दिव्याची लाल काच काढली आणि ती दाराच्या कडेला बरोबर कमरेच्या उंचीवर बसवली. अंगणात त्याची चाचणी झाली. गोदूबाईंनी दहा वेळा दार उघडायला लावलं, दहा वेळा मिटायला लावलं, गाडीच्या मागं पन्नास पावलं जाऊन बघितलं. मग म्हणाल्या, "दिसतो खरा." धर्माजीला हॉटेलात जाऊन मिशीची पैज लावावीशी वाटली ती या दोन शब्दांमुळे.

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. त्या साली तांदळाची टंचाई होती. परवान्याशिवाय मुंबईकडे तांदूळ न्यायला बंदी, म्हणून रस्त्यावर तपासणीचे नाके बसत. नाक्याची जागा रोज बदले, आज या वळणावर, उद्या त्या. खूण मात्र एकच. दिवस कलला की रस्त्यावर कमरेच्या उंचीवर लाल कंदील दिसायचा. तो दिसला की ड्रायव्हरनं गाडी कडेला घ्यायची आणि कागद घेऊन मुकाट उतरायचं. घोडबंदर रस्त्यावरच्या बैलगाडीच्या बैलांनासुद्धा हे पाठ झालं होतं. धर्माजीलाही ठाऊक होतं, पण माणूस आपल्याच हुशारीवर खूश असला की ठाऊक असलेलं आठवत नाही.

बारशाच्या दिवशी गोदूबाई बाळंतविड्याची टोपली मांडीवर घेऊन आपल्या जागी बसल्या. धर्माजीनं आरशात बघितलं. सात महिन्यांनी आरशात माणूस दिसलं. त्याचा ऊर भरून आला आणि त्या भरात तो पेढे घ्यायला विसरला. ते आठवलं काशीमिऱ्याला. दिवेलागण होत आली होती. त्यानं गाडी कडेला घेतली, "आलोच," म्हणाला आणि पलीकडच्या मिठाईवाल्याकडे गेला.

गोदूबाईंना गाडीत उकडायला लागलं. त्यांनी मागं वळून रस्ता पाहिला, बेतानं दार उघडलं, आणि घरच्या ओट्यावर बसावं तशा पाय बाहेर सोडून बसल्या. लाल दिवा लागला. काय सुरेख लागला होता.

खाडीवरच्या नव्या पुलावरून आलेला वसईचा केळ्यांचा ट्रक शंभर हातांवर थांबला. त्याच्या मागं दुसरा. त्याच्या मागं टेम्पो, मग मिठाची बैलगाडी. ट्रकवाला सरदारजी कागद घेऊन खाली उतरला. साडीतली बाई बघून जरा बावचळला, पण सरकारचं काही सांगता येत नाही.

"माताजी, पेपर," त्यानं हात पुढं केला.

"मला वाचता न्हाय येत, बाबा," गोदूबाई म्हणाल्या.

"तो साहब किधर है?"

"साहेब पेढे आणायला गेलेत. नातवाचं बारसं हाय आज."

सरदारजीनं टोपली बघितली, टोपलीतलं झबलं बघितलं. साहेबाच्या घरी नातू झालाय आणि आपण नुसते कागद घेऊन उभे, हे काही त्याला बरं वाटलं नाही. तो माघारी गेला आणि वेलची केळ्यांचा एक अख्खा घड आणून गाडीत ठेवला. "मुन्ना जीता रहे," म्हणाला आणि हात जोडून उभा राहिला.

गोदूबाईंचे डोळे पाणावले. ओळख ना पाळख, आणि बघा माणुसकी. "बाबा, एवढं कशाला?" त्या म्हणाल्या.

साहेबाकडे बारसं आहे ही बातमी रांगेतून मागं मागं गेली. टेम्पोवाल्यानं विड्याच्या पानांची करंडी आणली. कुणी नारळ आणले, कुणी कांद्याची जुडी. एकजण मात्र घामाघूम होऊन आला. त्यानं चादरीत बांधलेलं एक जड बोचकं पायाशी ठेवलं. "माई, घरच्यासाठी नेत होतो. दहा किलोच हाय. पोराबाळांचा माणूस हाय मी, सांभाळून घ्या."

गोदूबाईंनी गाठ सोडून बघितली. आत तांदूळ होता, आंबेमोहोर. "नको रे, तुझ्या पोरांना ने," त्या म्हणाल्या. तो आणखीच घाबरला. बोचकं तिथंच टाकून आपल्या ट्रककडे पळाला.

तिकडे मिठाईवाल्याच्या दुकानात गर्दी होती. नंबर लागून पेढे मोजून घेताना धर्माजीनं बाहेर पाहिलं. गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती आणि रांगेच्या तोंडाशी त्याची पिवळट अँबॅसेडर, सगळी माणसं तिच्याभोवती. त्याला वाटलं, झालं! पुन्हा कुणीतरी दारावर आदळलं. आता ही जन्मात गाडीत बसायची नाही. तो पेढ्यांचा पुडा छातीशी धरून धावत सुटला.

गर्दीतून घुसून बघतो, तर बायको केळ्यांच्या घडाशेजारी देवीसारखी बसलेली.

"कुणाला लागलं?"

"कुणाला न्हाय. माणसं लय चांगली हायत हो. सगळे थांबून विचारतायत."

धर्माजीनं लाल दिव्याकडे बघितलं, कागद घेतलेल्या ड्रायव्हरांकडे बघितलं, तांदळाच्या बोचक्याकडे बघितलं. मग सगळं एकदम लख्ख कळलं. विनापरवाना तांदूळ, तोही त्याच्याच गाडीत. "पाय आत घे," एवढंच तो बोलला. बाईंनी पाय आत घेतले, त्यानं दार आपटलं, दिवा विझला. "साहब ने छोड़ दिया," कुणीतरी ओरडलं आणि मागं इंजिनं सुरू झाली.

धर्माजी स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली, तेवढ्यात खांद्यावर टिचकी पडली.

"पदर अडकला दारात."

त्यानं कपाळाला हात लावला. बाईंनी दार उघडलं. दिवा पुन्हा लागला.

आता खऱ्या नाक्याचं काय झालं होतं ते ऐका. तो होता पेणकरपाड्याच्या पुढं. पाव तास झाला, एकही गाडी येईना, म्हणून तिथला हवालदार सायकल काढून बघायला निघाला होता. समोरून येताना त्याला दिवा दिसला नाही, रांगेच्या कडेकडेनं तो थेट शेवटापर्यंत गेला. तिथं त्याला कळलं, की पुढं कुणा बड्या साहेबानं स्वतः नाका लावलाय, आणि साहेब नातवाच्या खुशीत आहेत. हवालदाराची तारांबळ उडाली. टोपी सारखी करून तो जोरात माघारी फिरला. समोर लाल दिवा दिसला तसा सरळ त्याच्याच रोखानं आला. त्याच्या डाव्या हातात स्वतःचा कंदील. उजवा हात त्यानं सलामासाठी वर नेला. ब्रेक दाबायला तिसरा हात देवानं दिलेला नाही.

हवालदार सलामासकट दारावर आदळला.

लागलं फारसं नाही. विड्याच्या पानांची करंडी मधे आली. गुडघा खरचटला, सायकलच्या पुढच्या चाकाची कमान झाली. दाराची बिजागरी मात्र अशी वाकली, की दार काही केल्या पूर्ण मिटेना. अर्थात दिवाही विझेना.

गोदूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "बघा," त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगत होते."

धर्माजीला वाटलं, संपलं सगळं. त्यानं हवालदाराला उठवलं आणि होतं तसं सगळं खरं सांगून टाकलं, फक्त तांदळाचं तेवढं राहिलं. हवालदार ऐकत होता, गुडघा चोळत होता. शेवटी म्हणाला, "काका, हे लिहायचं म्हटलं तर मी बाळंतविड्याला सलाम ठोकला असं लिहावं लागेल. मला नाक्यावर पोचवा आणि दोघंही गप्प बसू. आधी मलम कुठं मिळेल?"

"पेणकरपाड्याला, लेकीच्या घरी," गोदूबाई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या, हवालदाराला आपल्या जागी बसवलं, त्याचा दुखरा पाय तांदळाच्या बोचक्यावर टेकवला आणि सुंभानं दार बांधून घेतलं. मागं आता केळी, नारळ, कांदे आणि सरकार होतं. तिळाएवढी जागा उरली नव्हती. म्हणून त्या पुढून वळसा घालून आल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या शेजारी बसल्या, डाव्या अंगाला. तिकडचं दार रस्त्याच्या कडेला उघडतं. त्याला कुठली सायकल आदळणार?

हे धर्माजीच्या ध्यानात यायला अर्धा मैल लागला.

"अगं," तो म्हणाला, "तू आधीपासून पुढंच बसली असतीस, तर लवूपासून काहीच झालं नसतं."

"तुम्ही मागं बस म्हणालात. पुढं बस कधी म्हणालात?"

मागून हवालदार खोकला. धर्माजीनं उगाचच गियर बदलला.

सुलूच्या सासरी बाळ पाळण्याजवळ आणलं होतं. माणसं आजीची वाट बघत दारात उभी होती. त्यांनी काय पाहिलं, तर धर्माजीची गाडी येतेय, मागच्या दाराला लाल दिवा जळतोय, आत पोलीस बसलाय आणि मागं सतरा ट्रक आदबीनं सावकाश येतायत. लाल दिव्याला ओलांडून पुढं जायची एकाचीही छाती झाली नव्हती. गाडी थांबली तसे सतराही थांबले.

विहीणबाईंनी आधी ट्रक मोजले आणि मग त्या घुगऱ्यांच्या पातेल्यात डोकावल्या. "गोदूताई," त्या कळवळून म्हणाल्या, "एवढी माणसं आणायची होती तर सांगायचं तरी."

"तांदूळ आणलाय," गोदूबाई म्हणाल्या. चुलीवर मोठं पातेलं चढलं. पाळणा हलला, नाव ठेवलं गेलं आणि सतरा ट्रकांची पंगत अंगणात बसली. तांदूळवाला पोराबाळांचा माणूसही तिच्यात होता, गोदूबाईंनी त्याला हाक मारून दोनदा वाढलं. हवालदारानं तिसऱ्यांदा भात मागून घेतला आणि बोटं चाटत म्हणाला, "तांदूळ वासाचा आहे हो. कुठून आणला?" धर्माजीला जोराचा ठसका लागला. हवालदारानंच त्याला पाणी दिलं.

पंगत उठली, ट्रक गेले, हवालदार एका ट्रकात बसून नाक्यावर गेला. मागची सीट पुन्हा रिकामी झाली. गोदूबाई सवयीनं मागच्या दाराशी गेल्या आणि सुंभाची गाठ सोडायला लागल्या.

धर्माजीनं पुढचं डावं दार उघडून धरलं. व्याही, विहीण, लेक, जावई सगळे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते. पण तो बोलला.

"पुढं बस."

गोदूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग अजून ढणाढणा जळत असलेल्या त्या लाल दिव्याकडे बघितलं. पदर नीट आत घेऊन त्या बसल्या.

"एवढं म्हणायला," त्या म्हणाल्या, "मोटारीला दिवा लावलात होय?"