ज्याच्याकडून ऐकलं, त्याला सांगायचं नाही

सामंतांना कुठलीही बातमी सांगा, पहिला प्रश्न ठरलेला, “कुणाकडून कळलं?” माझं लग्न ठरल्याचं मी स्वतः सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

भाईंदरला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये ते आणि त्यांची म्हातारी आई राहायचे. सामंत एका कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचे. माणूस पायाला भिंगरी लावलेला. चहासुद्धा गॅलरीत येरझाऱ्या घालत प्यायचे; बघून आपल्यालाच दम लागायचा.

एकदा नळाला पाणी नव्हतं. ए विंगवाले म्हणत होते, “बी विंगमध्ये बोलतायत, टँकर येतोय.” बी विंगवाले म्हणत होते, “ए विंगवाले सांगतायत ना.” टँकर सकाळीच पलीकडच्या राई गावातल्या एका सोसायटीत रिकामा झाला होता आणि आम्ही संध्याकाळपर्यंत बादल्या घेऊन उभे. सामंत दोन्ही विंगांत चौकशी करत धावले आणि जिन्यात थांबून धापा टाकत म्हणाले, “आमचे राउटर सेम हेच करतात. रस्ता कधीच तुटलेला असतो. हा म्हणतो त्याच्याकडून जा, तो म्हणतो याच्याकडून जा. डेटा बिचारा मधल्यामध्ये फिरतोय. म्हणून रूल आहे. ज्याच्याकडून ऐकलं, त्यालाच तो रस्ता परत सांगायचा नाही. आणि पंधरा टप्पे ओलांडले की रस्ता मेला समजायचा.”

“वो सब ठीक है,” बादली घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या दक्षाबेन म्हणाल्या, “पानी कब आएगा?”

पुढे हा रूल ते घरोघरी पटवत फिरले. लोक त्यांना पाहून विषय बदलायचे. मलाही वैताग यायचा.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेलो. सामंत चक्क आईजवळ स्वस्थ बसले होते. आई खुशीत म्हणाली, “आमचा विजू दिसला रे रत्नागिरीत. मावशीचा फोन आला होता.” विजू म्हणजे सामंतांचा धाकटा भाऊ, घर सोडून गेलेला.

सामंतांनी मला गॅलरीत नेलं. “रत्नागिरीचं मीच बोललो होतो,” ते हळूच म्हणाले. “तो गेला तेव्हा आई जेवेना. म्हटलं, असेल रत्नागिरीत. मी मामाला बोललो, मामा मावशीला बोलला. तेच फिरून येतंय.”

“मग सांगून टाका ना आईंना.”

त्यांनी दारातून आत, खुशीत बसलेल्या आईकडे पाहिलं. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

“अरे, मामाला कळवलंस का?” आतून आईने विचारलं.

सामंत आत गेले, फोन फिरवला.

“मामा, चांगली बातमी आहे,” ते म्हणाले. “विजू दिसलाय. मावशी सांगत होती.”