कार्डिफ सुपर लीगमध्ये जातं

कार्डिफचं मंडळ यापुढे लिंबूटिंबूंशी खेळणार नाही, असं सेक्रेटरी मुरलीधर सबनिसांनी जानेवारीच्या सभेत उभं राहून जाहीर केलं.

लिंबूटिंबू म्हणजे न्यूपोर्टचं मंडळ. बारा मैलांवरचं. गेली अकरा वर्षं मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या दोन मराठी मंडळांची फुटबॉलची मॅच होत होती. दोन्हीकडचे लोक इतकं वाईट खेळायचे, की शेजारच्या मैदानावरचे वेल्श आजोबा आपला खेळ थांबवून खुर्च्या इकडे फिरवायचे. पण जो हरेल त्याला पुढचं वर्षभर सुटका नसायची. वाढदिवस, बारसं, गणपती, कुठेही जा, श्रीखंडाच्या वाटीबरोबर त्या गोलची आठवण वाढली जायची.

त्यात न्यूपोर्टचा सेक्रेटरी शशी हा मुरलीधरांचा सख्खा साडू. म्हणजे बायकोच्या, अरुणाच्या, धाकट्या बहिणीचा, सुप्रभाचा नवरा. म्हणजे हरल्यावर लपायला स्वतःचं घरही उरत नव्हतं.

तर यंदा देशभरातल्या मंडळांच्या लीगची फेररचना झाली. हॅरो, ब्रॅकनेल आणि आणखी चार मोठ्या मंडळांनी मिळून 'सुपर लीग' काढली. कार्डिफला आमंत्रण आलं, न्यूपोर्टला आलं नाही. का? खरं सांगायचं तर पोस्टरवर 'ब्रिटनभर' असं छापायला त्यांना वेल्समधलं एक गाव हवं होतं, आणि कार्डिफचं नाव त्यांना विमानतळामुळे माहीत होतं. पण हे कुणी बोललं नाही. मोठं व्हायची खाज सुटली की माणूस कारणं विचारत नाही.

"पण मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सुपर लीगची शेवटची मॅच आहे," कॅप्टन अनिश म्हणाला. "मग न्यूपोर्टचं काय?"

"न्यूपोर्टचं काय व्हायचंय?" मुरलीधर म्हणाले. "ते राहतील न्यूपोर्टला."

लोक हसले. टाळ्या पडल्या. मागे साबुदाण्याची खिचडी वाढणारी अरुणा तेवढी हसली नाही.

संध्याकाळी शशीचा फोन आला.

"मुरलीधरराव, ऐकतोय ते खरं का?"

"अरे शशी, तारखाच जमत नाहीयेत. माझ्या हातात काही नाही."

"बरं," शशी म्हणाला, आणि फोन ठेवला.

नुसतं "बरं". पंचवीस वर्षांत शशीने इतकं कमी बोलून फोन ठेवला नव्हता. एरवी हा माणूस राँग नंबरलाही दहा मिनिटं सोडत नाही. मुरलीधर सुपर लीगची नियमावली उघडून वाचायला लागले. बावीस पानं होती. अठराव्या पानावर लिहिलं होतं: माघार घ्यायची तर महिनाभर आधी लेखी कळवा. आयत्या वेळी अकरा खेळाडू उभे करता आले नाहीत, तर त्या मंडळाला दोन वर्षं कुठल्याही मंडळाशी खेळता येणार नाही. मुरलीधरांनी ते पान उलटलं. आपल्याला काय, आपल्याकडे सोळा जण आहेत.

पहिली मॅच हॅरोला. पहाटे पाचला तीन गाड्या निघाल्या, एम-फोर हायवेवर दोन तास रखडल्या, आणि पोचल्या तेव्हा हॅरोचे लोक एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये उड्या मारत होते. जेवायचं कुणी विचारलंच नाही. एका मुलीने एक क्यूआर कोड दाखवला, तो स्कॅन केला की जवळचं सँडविचचं दुकान कळत होतं.

कार्डिफ नऊ-शून्यने हरलं.

त्यांचा कॅप्टन हात मिळवून "वेल प्लेड" म्हणाला आणि मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडायला निघून गेला. बस. संपलं.

त्यानंतरचे चार दिवस मुरलीधर फोन जवळ घेऊन बसले होते. हॉस्पिटलमध्ये पेशंटचे एक्स-रे काढतानाही मध्येच खिसा चाचपायचे. शेवटी गुरुवारी जेवताना म्हणाले, "अगं, नऊ गोल झाले. नऊ! आणि कुणी चिडवायला एक मेसेजसुद्धा केला नाही."

"हॅरोवाले कशाला करतील?" अरुणा म्हणाली. "त्यांना तुमचं नाव तरी ठाऊक आहे का?"

"शशीने तरी करावा."

"त्याला तुम्ही मोकळं केलंत ना," असं म्हणून तिने आमटी वाढली.

मुरलीधरांनी आमटी भुरकली. न्यूपोर्टशी एका गोलाने हरलो तर वर्षभर टोचतं, आणि हॅरोशी नऊने हरलो ते सोमवारपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाही, याचा अर्थ काय ते त्यांना समजत होतं. पण समजलं म्हणून कबूल करतील तर ते सेक्रेटरी कसले?

हळूहळू माणसं गळायला लागली. एकाला ऑन-कॉल ड्यूटी लागली. एकाच्या बायकोचं डोहाळजेवण निघालं. एकाने तर हॅरोहून परत आल्या आल्या गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ब्रॅकनेल कार्डिफला यायचं होतं, आणि शनिवारी मोजले तेव्हा धरून-बांधून आठ भरले. त्यात आठवे स्वतः मुरलीधर, वय चोपन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा.

"काका, अठरावं पान वाचलंत का?" अनिशने विचारलं.

"वाचलंय."

"दोन वर्षं बंदी. कुठल्याही मंडळाशी. म्हणजे न्यूपोर्टशीसुद्धा. आणि दोन वर्षं मॅच पडली ना, तर परत कोण उभी करणार? अर्धे लोक तोवर व्हिसा संपून पुण्याला गेलेले असतील."

 न्यूपोर्टची मॅच आपण फडताळात ठेवलीय, हवी तेव्हा काढू, असं मुरलीधरांनी मनाशी धरलं होतं. फडताळच दुसऱ्याच्या घरात निघालं.

"न्यूपोर्टला फोन करा," अरुणा म्हणाली. "पाहुणे म्हणून तीन खेळाडू चालतात, त्यांच्या सेक्रेटरीची सही लागते. मीसुद्धा वाचलंय ते."

"कुठल्या तोंडाने करू?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठंय?"

केला नाही त्यांनी फोन. त्याऐवजी जुना डाव टाकायचं ठरवलं.

हा डाव समजून घ्या. कार्डिफ-न्यूपोर्टची पद्धतच अशी, की यजमानांनी पाहुण्यांना मॅचआधी जेवायला घालायचं. आणि मनापासून घालायचं. एक पुरी माझ्यासाठी, एक वहिनींसाठी, हा एवढा चमचा उरलाय तो संपवून टाका. जितका आग्रह जास्त तितकी मॅच सोपी. एका वर्षी न्यूपोर्टने बासुंदी केली, तेव्हा कार्डिफचा सेंटर-हाफ हाफटाइमला गाडीच्या डिकीत झोपलेला सापडला. ब्रॅकनेलला असं जेवू घालू, की तेच म्हणतील आज राहू द्या, पुढच्या रविवारी खेळू. आठ दिवस मिळतील. आठ दिवसांत तीन माणसं कुठूनही उभी करता येतात.

चाळीस जणांचं जेवण झालं. कम्युनिटी सेंटरच्या किचनमध्ये मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड, दीडशे पुऱ्या.

ब्रॅकनेलची मंडळी अकराला आली. त्यांची मॅनेजर देवयानी, सुपर लीगच्या कमिटीवरची, टॅबलेट छातीशी धरून पुढे आली.

"या, या," मुरलीधर म्हणाले. "आधी चार घास, मग मॅच."

"थँक यू काका, पण आमचं प्री-मॅच मील ठरलेलं असतं."

सोळा जणांनी सोळा डबे काढले. उकडलेली ब्रोकोली, उकडलेलं चिकन, आणि शेवाळासारखं हिरवं काहीतरी.

"अहो, एक पुरी तरी."

"पुरीत काय काय आहे?"

मुरलीधरांनी आयुष्यात हा प्रश्न ऐकला नव्हता. "पुरी आहे," ते म्हणाले.

तिने टॅबलेटवर काहीतरी दाबलं आणि मान हलवली. नाही.

आता दीडशे पुऱ्यांचं करायचं काय? टाकायच्या? मराठी माणूस नोकरी टाकेल, गाव टाकेल, पण केलेलं अन्न टाकायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. अनिशने दोन पुऱ्या घेतल्या, वाया जायला नकोत म्हणून. गोलकीपर सुश्रुतने सहा घेतल्या. पाऊण तासाने मुरलीधर बघतात तो त्यांचे सातही खेळाडू भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. डाव लागला होता. फक्त आपल्यालाच.

"अनिश, ऊठ बाबा."

"उठतो काका. जरा भात बसू दे."

तेवढ्यात बाहेर दोन गाड्या थांबल्या आणि पहिलीतून शशी उतरला. मागोमाग सुप्रभा हातात रिकामे डबे घेऊन. मागोमाग निम्मं न्यूपोर्ट.

मुरलीधरांनी बायकोकडे बघितलं.

"खेळाडू नाही मागवले," अरुणा म्हणाली. "पुऱ्या उरल्यात म्हणून बहिणीला फोन केला. उरलेलं अन्न खायला तरी माझ्या माणसांना बोलवू द्याल ना?"

शशी सरळ पानावर जाऊन बसला.  दोनदा श्रीखंड घेतलं, आणि मग मान वर न करता म्हणाला, "मुरलीधरराव, भिंतीला बसलेत ते खेळाडू का पेशंट?"

सबंध सीझनमध्ये कार्डिफला मारलेला हा पहिला टोमणा. मुरलीधरांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी शशीच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

"आठ आहेत," ते हळूच म्हणाले. "तीन कमी पडतायत. नाही भरले तर दोन वर्षं बंदी. तुझ्याशीपण खेळता येणार नाही, शशी."

शशीने पुरीचा घास खाली ठेवला.

"मागितले असतेत तर?"

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी. अकरा वर्षांची मॅच तुम्ही वर्गणीच्या पावतीसारखी फाडलीत. मी जानेवारीपासून झोपताना तुम्हाला शिव्या देतो, सुप्रभाला विचारा."

"देतो," सुप्रभा म्हणाली. "मोठ्याने."

"मग नको सही करूस," मुरलीधर म्हणाले.

"सही कोण देत नाही म्हणतंय? कागद आणा इकडे." शशीने हात पुसले. "तुम्हाला हरवायचं ते आम्ही हरवू. अठरावं पान कोण लागून गेलं हरवणारं?"

त्याने सही केली. मग तीन पाहुणे निवडले. पहिली त्याची मुलगी तनू, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, न्यूपोर्टमधली एकमेव व्यक्ती जिला खरोखर फुटबॉल येतो. दुसरे पोस्टात काम करणारे एक जाडजूड गृहस्थ. तिसरा स्वतः शशी, पोटात अकरा पुऱ्या.

"काका, मी खेळते," तनू म्हणाली, "पण माझे बूट घरी राहिले."

अरुणाने तिला आपले चालायचे बूट दिले.

मॅचचं काय सांगायचं? हाफटाइमला पाच-शून्य. ब्रॅकनेलची मुलं धावत होती, कार्डिफची पचवत होती. सुश्रुतच्या दोन्ही बाजूंनी बॉल जात होता आणि तो गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत होता. तनू एकटी चौघांशी भांडत होती.

सत्तराव्या मिनिटाला तिने कसाबसा बॉल मधल्या रेषेवर शशीला दिला. शशीने मान वर केली. समोर त्याला काय दिसलं? सुश्रुतचे पिवळे हातमोजे. अकरा वर्षं ज्या पिवळ्या हातमोज्यांकडे तो धावत आला होता, तेच. डोक्याने काही म्हणायच्या आत पाय निघाले.

"शशी, तिकडे नाही," मुरलीधर ओरडले.

"बाबा, राँग वे," तनू ओरडली.

शशीला ऐकू आलं नाही. ब्रॅकनेलचे खेळाडू सभ्यपणे बाजूला झाले. आणि सुश्रुत जागा झाला. पाच गोल ज्याने उभ्या उभ्या सोडले होते, त्याने शशीला येताना पाहून असा सूर मारला की दोन पुऱ्यांचा तरी हिशेब तिथेच चुकता झाला असेल. हात पोचला नाही. बॉल जाळ्यात. शशी शर्ट डोक्यावर ओढून, पोट उघडं टाकून मैदानभर पळाला.

आणि मग मैदानाला आवाज आला. अख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदा. कार्डिफचे लोक उठून उभे राहून शशीला शिव्या घालत होते. मनापासून, नावानिशी. "अरे ढमाल्या!" "अकरा वर्षं हेच केलंस!" न्यूपोर्टचे लोक थाळ्या बडवत होते. अनिश हसता हसता गवतावर आडवा झाला. कडेला खुर्च्या फिरवून बसलेले वेल्श आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

देवयानी टॅबलेट खालीवर करत बसली. "काका, हा गोल कुणाच्या नावावर टाकू?"

"न्यूपोर्टच्या," मुरलीधर म्हणाले. डोळे पुसत. घाम होता म्हणे.

"न्यूपोर्ट तर लीगमध्येच नाहीये."

"आता आम्हीही नाही." त्यांनी कालची पुऱ्यांच्या सामानाची यादी खिशातून काढली, तिच्या मागच्या बाजूला माघारीचा अर्ज लिहिला आणि तिच्या हातात दिला. "मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमची एक मॅच आहे. महिनाभर आधी लेखी कळवतोय."

सहा-शून्य झाली मॅच. देवयानीची मुलं "वेल प्लेड" म्हणून गेली. बाकीचे हॉलमध्ये उरलेल्या मसालेभातावर बसले.

मग मुरलीधर उभे राहिले. मराठी मंडळात आभारप्रदर्शन झाल्याशिवाय दिवा विझत नाही. पण आज त्यांना रिवाज पाळायचा नव्हता, खरंच आभार मानायचे होते. एकाच माणसाचे. त्यासाठी वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी सुरुवात केली. कम्युनिटी सेंटरच्या केअरटेकरचे आभार मानले. मैदानाबद्दल कौन्सिलचे मानले. पुऱ्या लाटणाऱ्यांचे, तळणाऱ्यांचे, अरुणाच्या चालायच्या बुटांचे मानले. शेजारच्या मैदानावरच्या आजोबांचे मानले, पाऊस पडला नाही म्हणून त्याचेही मानले. मग शशीकडे वळले. शशी भाताचा घास हातात धरून त्यांच्याकडेच बघत होता.

मुरलीधरांनी तोंड उघडलं. वाक्य कुठे गेलं कोण जाणे.   ते खाकरले, पुन्हा खाकरले, आणि शेवटी घाईघाईने म्हणाले,

"आणि ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी मदत केली, त्या सर्वांचे आभार."

आणि बसले.

शशीने हातातला घास तोंडात टाकला. मग सुप्रभाकडे वळून म्हणाला, "लिहून ठेव. पंचवीस वर्षांचा साडू, आज अज्ञात व्यक्ती झाला."

वर्षभर तो हेच ऐकवणार होता. मुरलीधर खाली बघून भात कालवत राहिले, आणि वर्षातले किती दिवस उरलेत ते मनात मोजून त्यांना फार बरं वाटलं.