चिटगोपेकर बाईंनी लख्ख उन्हात धरणाचे दरवाजे उघडिले त्याची हकीगत

श्री वरुणदेव साक्ष. नद्या वाहत्या राहोत, काठची घरे कोरडी राहोत. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरी, एके राज्यी पाटबंधारे दरबार होता, तेथे मंदाकिनीबाई चिटगोपेकर स्थापत्यविद्या शिकोन अभियंता म्हणोन रुजू जाहल्या. बाईंचे बोलणे थोडके आणि नदीचे वेड मोठे. दरबाराने प्रथम पूर मोजावयास काठावर पाठविले, आणि नदी कोठे रुंदावते, कोठे अडते, हे बाईंनी उन्हातान्हात पाहोन घेतले. मग दरबारी संगणकयंत्र आले. त्यास कोणी हात लावीना, सबब ते बाईंचे स्वाधीन जाहले. बाईंनी धरण, नदी आणि खालची पेठ आकड्यांत मांडोन, किती पावसास पाणी कोठवर चढेल हे पडद्यावर दाखविणारे प्रारूप रचिले. पहिले खेपेस नदी डोंगर चढोन गेली. दरबार पोट धरोन हसला. मुख्य अभियंते दाजीसाहेब राजाध्यक्ष बोलिले, "बाई, नदीस जिना बांधिला काय?" बाईंस अन्न गोड लागेना. परंतु पुनः काठाने हिंडोन जुन्या नकाशांच्या चुका काढिल्या, आणि पुढे प्रारूपाचे पाणी व नदीचे पाणी एकाच पायरीस लागू लागले. मग हसणे थांबले, ऐकणे मात्र सुरू जाहले नाही.

पुढे एके श्रावणात धरण काठोकाठ भरले. मंत्रीमहाराज जलपूजनास येणार, नदीस साडीचोळी अर्पिणार, म्हणोन मांडव पडला, तो वेधशाळेकडोन वर्तमान आले की घाटमाथ्यावर थोर पाऊस येतो. बाईंनी ते यंत्रात घातले आणि पडद्यावर पेठ बुडाली. बाई धावत दाजीसाहेबांकडे जाऊन बोलिल्या, "साहेब, आजच दरवाजे उघडोन धरणात जागा केली पाहिजे."

"बाई, आकाश निरभ्र आहे. महाराजांनी पूजा कशाची करावी, चिखलाची? आणि पाऊस न आला तर उन्हाळ्यात लोकांनी पाणी कोणापाशी मागावे?"

"माझ्यापाशी मागावे."

"मग सही तुमचीच," ऐसे बोलोन दाजीसाहेब मांडव पाहावयास गेले.

बाईंनी सही केली, भोंगा वाजविला आणि लख्ख उन्हात पाणी सोडिले. पूजेसमयी पाणी पायऱ्या सोडोन बहुत खाली गेले होते. महाराजांनी साडी वरूनच टाकिली, ती खडकास अडकली, आणि स्वारी रुष्ट होऊन परतली. बाई धरणावरच बसोन राहिल्या. पाऊस यावा म्हणावे तर पेठेचे भय, न यावा म्हणावे तर आपली नोकरी जाणार. देवापाशी काय मागावे ते कळेना. दुसरे दिवशी पाऊस आला तो ऐसा की समोरचे माणूस दिसेना. धरणाने मोकळ्या जागेत पाणी झेलिले, आणि नदी पेठेतील पहिल्या आळीचे ओटे भिजवोन माघारी फिरली. एक जनावरही दगावले नाही. मग पेठेतील लोकांनी ओटे धुतले आणि धरणवाल्यांनी उगाच चिखल केला म्हणोन दरबारास शिव्या दिधल्या.

मग चौकशी बसली. चौकशीचे प्रमुख विचारते जाहले, "पूर तर आलाच नाही. मग इतके पाणी का दवडिले?" बाईंनी प्रारूपात दरवाजे बंद ठेविले आणि तोच पाऊस पुनः पाडोन दाखविला. निळे पाणी आळीआळीने चढले. प्रमुख पेठेतलेच, एके घरावर बोट ठेवोन हळू बोलिले, "येथे माझी आई निजते."

"पाणी माळ्यापर्यंत आहे," बाई बोलिल्या.

प्रमुखांनी चष्मा पुसला आणि चौकशी आटोपली. पुढे दरवाजे आगाऊ उघडण्याचा नियम निघाला, त्यावर सही दाजीसाहेबांची. बाईंनी आणिक बहुत नद्या यंत्रात उतरविल्या आणि यथाकाळी निवृत्त जाहल्या. निरोपाचे सभेत एक वक्ते बोलोन गेले, "बाईंचे कारकीर्दीत काही घडले नाही." सभा ओशाळली. बाई मात्र प्रसन्न हसल्या आणि आणखी एक पेढा मागोन घेतला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पेठ आहे तेथेच आहे.